घरच्यांना आधी का कळत नाही?

मनुष्याच्या देहातील बहुतेक अवयव वैद्याला कसे ना कसे गाठता येतात. नाडी हाती धरता येते, पोट दाबून पाहता येते, छातीस नळी लावून आतला आवाज ऐकता येतो. मेंदू तेवढा निसर्गाने हाडांच्या पेटीत बंद करून ठेवला आहे. ही पेटी त्याचे रक्षण करते हे खरे. परंतु आत एखादी गाठ वाढू लागली तर तीच पेटी त्या गाठीलाही लपवून ठेवते. बाहेर सूज नाही, ताप नाही, जखम नाही. जे काही दिसते ते पुष्कळदा माणसाच्या वागण्यात दिसते; आणि वागण्याचा अर्थ घरची मंडळी वैद्यकाच्या भाषेत लावीत नाहीत, स्वभावाच्या भाषेत लावतात. विसरला तर निष्काळजी, चिडला तर तापट, गप्प बसला तर घुमा. पुढे एके दिवशी खरे कारण कळते, आणि मग मागचा प्रत्येक प्रसंग घरच्यांच्या मनात उलटून उभा राहतो.

हा विषय मला पुस्तकावरून सुचलेला नाही. माझी वडील बहीण अक्का हिचे स्वयंपाकघर म्हणजे एक घड्याळ होते. एका शेगडीवर वरण, दुसरीवर भात, मधल्या वेळात कोशिंबीर, आणि पाने मांडली जातात तोच पोळी तव्यावरून ताटात. गेल्या वर्षी चैत्रापासून हे घड्याळ चुकू लागले. दूध उतू जाऊ लागले. भाजीत मीठ दोनदा पडे आणि आमटीत मुळीच नसे. सुनेला वाटले, सासूबाई रुसल्या आहेत. मुलाला वाटले, वयपरत्वे असे व्हायचेच. भाऊबीजेला मी पाटावर बसलो, तेव्हा तबकातील निरांजन लावलेलेच नव्हते. अक्का ते तसेच घेऊन ओवाळू लागली. सगळे हसले, मीही हसलो. “अक्का, लक्ष कुठे आहे तुझे?” असे मी जरा मोठ्यानेच म्हणालो. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, एका सकाळी तिला आकडी आली. संध्याकाळी एम्. आर्. आय्.च्या चित्रात कपाळामागे उजव्या बाजूस लिंबाएवढी गाठ दिसली.

शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी रुग्णालयाच्या ओसरीवर आमचे मेहुणे अप्पा माझ्या शेजारी बसले होते. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, अडतीस वर्षे एका घरात राहतो आम्ही. मला कसे कळले नाही? तू इतिहासाचा माणूस. सांग, मी एवढा आंधळा कसा?” मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. मी ते माझ्या विषयात शोधले. इतिहासाने दिलेले उत्तर अप्पांच्यासारख्या इतरांच्याही उपयोगी पडेल अशा समजुतीने ते येथे मांडीत आहे.

प्रारंभ आपल्याच देशातील एका जुन्या कथेने करणे योग्य होईल. विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहाच्या एका श्रेष्ठीची हकीकत आहे. सात वर्षे त्याचे मस्तक दुखत होते. मोठमोठे वैद्य आले आणि गेले. काहींनी तो पाचव्या दिवशी मरेल असे सांगितले, काहींनी सातव्या. शेवटी जीवक आला. त्याने श्रेष्ठीला मंचकाशी बांधले, मस्तकाची त्वचा चिरली, कवटीचा सांधा उघडला, आतून दोन किडे काढले आणि जखम शिवून लेप लावला. या किड्यांचा मेळ आजच्या वैद्यकाशी घालीत बसण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, किडे काढल्यावर जीवक ते लोकांना दाखवितो. कथाकाराला मनुष्यस्वभाव पक्का ठाऊक होता. मस्तकाच्या दुखण्यात घरच्यांना सर्वांत अधिक ओढ असते ती कारण डोळ्यांनी पाहण्याची. शरीरावर वाढणाऱ्या गाठीला अर्बुद हे नाव सुश्रुताच्या काळापासून आपल्याकडे आहे. परंतु जिवंत माणसाच्या कवटीआडचे अर्बुद दाखविण्याची विद्या जगात कोठेच नव्हती. ते दिसे ते मरणानंतर, शवच्छेदनाच्या मेजावर.

या पेटीला पहिले छिद्र सापडले ते डोळ्यात. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आतला पडदा पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. १८६० मध्ये ग्रेफे या नेत्रवैद्याने दाखवून दिले की, कवटीतील दाब वाढला म्हणजे दृष्टीची नाडी डोळ्यात शिरते त्या जागी सूज दिसते. बंद घराच्या किल्लीच्या भोकातून आत डोकवावे तसा हा प्रकार होता. आत काही आहे एवढे कळे; कोठे आहे ते कळत नसे. पुढे मेंदूच्या कोणत्या भागाकडे कोणते काम आहे याचे ज्ञान वाढले, आणि २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडन येथे एक धाडस घडले. ह्यूज बेनेट या वैद्याने एका तरुण रुग्णाच्या हातापायांचे झटके आणि दुर्बलता यांवरून गाठीची जागा सांगितली. रिकमन गॉडली या शस्त्रवैद्याने नेमक्या त्याच जागी कवटी उघडली, आणि गाठ तेथे सापडली. रुग्ण मात्र सुमारे महिन्याभराने जखम दूषित होऊन दगावला. तर्क जिंकला, मनुष्य हरला. १८९५ मध्ये क्ष-किरण आले; परंतु त्यांत हाड दिसे, मेंदू दिसत नसे. १९१८ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी याने मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांनी त्यांचे चित्र घेण्याची युक्ती काढली. युक्ती अजोड, पण कष्टाची व धोक्याची. म्हणून संशय बळावल्याशिवाय ती कोणी योजीत नसे. आणि संशय बळावणार कोठे? घरात.

त्या काळातील तीन घरे आपण पाहू. कालक्रम मी मुद्दाम उलटा ठेवतो. कारण पहिल्यापेक्षा दुसऱ्या घरात आणि दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात वैद्यकाचे ज्ञान अधिक होते.

पहिले घर अमेरिकेतील संगीतकार जॉर्ज गर्श्विन याचे. १९३७ साली तो अडतीस वर्षांचा होता. कीर्ती, पैसा, मित्र कशाचीच उणीव नव्हती. कॅलिफोर्नियात चित्रपटांचे संगीत करण्यासाठी तो वडील बंधू आयरा आणि वहिनी यांच्यासह एकाच घरात राहत होता. जॉर्जने चाल द्यावी आणि आयराने शब्द लिहावेत, अशी त्या भावांची जोडी. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिस येथील एका मैफलीत स्वतःचीच रचना वाजविताना जॉर्ज क्षणभर थबकला, काही सूर गळाले. नंतर त्याने सांगितले की, त्या क्षणी रबर जळल्यासारखा वास आला. उन्हाळ्यात डोके दुखू लागले, घेरी येऊ लागली. जेवताना हातातले सुटू लागले, अन्न सांडू लागले; एकदा त्याला मेजावरून उठून जाण्यास सांगण्यात आले, असे चरित्रकार नमूद करतात. जून महिन्यात त्याला तीन दिवस रुग्णालयात ठेवले. पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासण्यास त्याने नकार दिला, आणि हा मनाचा आजार असावा, अशा अभिप्रायाने त्याला घरी पाठविण्यात आले. घरच्यांनी तो अभिप्राय मानला यात नवल कोणते? अतिश्रम, चित्रपटधंद्यातील निराशा, कलावंताचा लहरी स्वभाव, अशी तीन सोयीची कारणे समोर उभी होती.

९ जुलै रोजी तो बेशुद्ध झाला. डोळ्यात पाहिले तो नाडी सुजलेली. मग धावपळ झाली ती एखाद्या कादंबरीत शोभावी अशी. वर सांगितलेला डँडी चेसापीकच्या उपसागरात नौकाविहार करीत होता; सरकारी नौकांनी त्याला शोधून काढले आणि विमानाने न्यूअर्कपर्यंत आणले. तेथून तो लॉस एंजेलिस येथील वैद्यांशी टेलिफोनवर बोलला. आता थांबण्यास वेळ नाही, असे तेथील शस्त्रवैद्यांचे मत पडले आणि रात्रीच शस्त्रक्रिया झाली. उजव्या कानाच्या वरच्या भागात गाठ होती, आणि ती अत्यंत घातक जातीची होती. ११ जुलै १९३७ रोजी सकाळी जॉर्ज वारला. जळक्या रबराचा तो वास हा मेंदूच्या त्याच भागातून उठलेला एक छोटा झटका होता, हे आज वैद्यकाचा विद्यार्थी सांगेल. त्या मैफलीच्या रात्री कोण सांगणार होते? आयरा पुढे १९८३ पर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षे जगला. भावाची हस्तलिखिते आणि टिपणे सांभाळणे, त्यांची व्यवस्था लावणे हेही त्याच्या उरलेल्या आयुष्याचे एक काम झाले.

येथे कोणी म्हणेल की, हे कलावंतांचे घर; एखादा वैद्य घरात असता तर असे झाले नसते. म्हणून दुसरे घर पाहावयाचे. बुडापेस्ट येथील विनोदी लेखक फ्रिड्येश कारिंथी याची पत्नी अरांका ही स्वतः वैद्य, आणि तीही मनोविकारांची अभ्यासक होती. १९३६ च्या मार्च महिन्यात एका संध्याकाळी कारिंथी आपल्या नेहमीच्या कॉफीगृहात बसला असता त्याला आगगाडी सुटल्याचा आवाज ऐकू आला. त्याने बाहेर पाहिले. शहराच्या त्या भागात आगगाडी नव्हतीच. थोड्या वेळाने दुसरी गाडी सुटली, मग तिसरी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच. पुढे ओकाऱ्या, घेरी आणि डोळ्यांपुढे अंधुकपणा सुरू झाला. विशेष हे की, रोगाचे नाव प्रथम रोग्यानेच घेतले. मेंदूच्या गाठीचा एक रोगी त्याच्या पाहण्यात आला आणि स्वतःची लक्षणे तीच आहेत असे त्याला वाटू लागले. त्याने पत्नीला सांगितले; तिने ते थट्टेवारी नेले. जन्मभर ज्याने जगाची थट्टा केली, त्याचे हे बोलणे खरे कोणी मानावे? पुढे नेत्रवैद्याने सुजलेली नाडी पाहिली तेव्हा थट्टा संपली.

परंतु थट्टा संपल्यावर अरांकाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. पश्चात्तापात तिने एक दिवसही दवडला नाही. व्हिएन्नातील तज्ज्ञांना दाखविले, स्टॉकहोम येथील हर्बर्ट ओलिवेक्रोना याचे नाव निश्चित झाले, आणि दृष्टी झपाट्याने मावळत असलेल्या पतीला घेऊन ती आगगाडीने युरोप ओलांडून स्वीडनला गेली. मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. केवळ जागा बधिर केली होती. रोगी पालथा पडून आपल्या कवटीला भोक पडताना ऐकत होता. गाठ लहान मेंदूत होती आणि साध्या जातीची होती. ती निघाली, दृष्टी परत आली. कारिंथीने या साऱ्याचे वर्णन केलेले पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले, आणि या व्याधीवर रोग्याने स्वतः लिहिलेल्या ग्रंथांत त्याची गणना आजही अग्रभागी होते. दैवाने त्याला पुढे दोनच वर्षे दिली. ऑगस्ट १९३८ मध्ये तो वारला. अरांका १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत मारली गेली.

आता तिसरे घर. येथे वैद्य नव्हे, साक्षात मेंदूचा शस्त्रवैद्य होता. वाइल्डर पेनफील्ड १९२८ साली कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे येऊन स्थिरावत होता, वय सदतीस. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची वडील बहीण रूथ त्याच्याकडे आली. तिचे डोके दुखत असे आणि आकडीही येत असे. ही दुखणी अनेक वर्षांची, म्हणून कुटुंबाच्या सवयीची झालेली. भावाने तिच्या डोळ्यात पाहिले. जी सूज त्याने परक्यांच्या डोळ्यात कितीदा पाहिली असेल, ती आज बहिणीच्या डोळ्यात होती. तो व्याधी जगात ज्या थोड्या लोकांना सर्वांत अधिक कळत होता त्यांपैकी तो एक. तरी ज्या बहिणीच्या संगतीत तो वाढला, तिच्या मस्तकात ती गाठ किती वर्षे मुकाट्याने वाढत होती, याचा त्याला पत्ता नव्हता.

शस्त्रक्रिया कोणी करावी? आपल्याच माणसावर वैद्याने शस्त्र चालवू नये, हा संकेत त्या देशातही होता. परंतु हे काम जाणणारे हात त्या काळी फारच थोडे, आणि प्रवासाला वेळ नव्हता. डिसेंबर १९२८ मध्ये पेनफील्डने बहिणीची कवटी उघडली. कपाळामागे उजव्या बाजूस मोठी गाठ होती. तिच्याबरोबर मेंदूच्या त्या भागाचा मोठा हिस्सा त्याला कापून काढावा लागला. तरीही तिचे मूळ खोलवर गेले होते, आणि तेवढे तो काढू शकला नाही. रूथ बरी होऊन आपल्या संसारात परत गेली. ती हसे, बोले, मुलांचे करी. पाहणाऱ्याला काही उणे दिसत नसे.

सुमारे सव्वा वर्षाने पेनफील्ड तिच्याकडे जेवावयास गेला. पाहुणा धरून पाच माणसांचा साधा स्वयंपाक. तयारीला सबंध दिवस हाताशी. जेवणाची वेळ झाली तेव्हा रूथ स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. सर्व जिन्नस समोर मांडलेले होते. एकदोन पदार्थ चुलीवर चढले होते. कोशिंबीर झाली नव्हती. मांस शिजावयास घातलेच नव्हते. प्रत्येक पदार्थ कसा करावयाचा ते तिला ठाऊक होते. आधी काय आणि मग काय, एवढेच तिला एकटीला ठरविता येत नव्हते. गाठ पुन्हा वाढली. बॉस्टन येथे हार्वे कुशिंगने दुसरी शस्त्रक्रिया केली. १९३१ साली रूथ वारली.

पुढे १९३५ मध्ये पेनफील्डने आपल्या सहकाऱ्यासह कपाळामागील मेंदूच्या कार्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात बहिणीचा तो स्वयंपाकही शास्त्रीय पुरावा म्हणून नोंदलेला आहे. मनुष्याची योजनाशक्ती, कामांचा क्रम लावण्याची शक्ती, मेंदूच्या या भागाशी बांधलेली आहे, हे ज्या निरीक्षणांवरून कळत गेले त्यांत एका बहिणीच्या अपुऱ्या राहिलेल्या जेवणाचाही वाटा आहे. हा मजकूर मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो. अक्काची गाठ त्याच जागी होती. उतू गेलेले दूध, दोनदा पडलेले मीठ, न लावलेले निरांजन, यांचा अर्थ सव्वीसशे चौरस फुटांच्या त्या घरात कोणालाच लागला नव्हता. तो जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी एका भावाने लिहून ठेवला होता.

तीन घरे पाहिली. कलावंताच्या घराला कळले नाही, वैद्य असलेल्या पत्नीला कळले नाही, शस्त्रवैद्य भावालाही कळले नाही. तेव्हा न कळणे हा प्रेमाचा अभाव नव्हे आणि बुद्धीचाही नव्हे. किंबहुना जवळीक हीच येथे आड येते. परका मनुष्य वागणे पाहतो. आपला मनुष्य स्वभाव पाहतो. वर्षानुवर्षांच्या सहवासाने आपल्या मनात एकमेकांची एक मूर्ती घडलेली असते. माणूस किंचित बदलला तर आपण ती मूर्ती बदलीत नाही. तिच्याच एखाद्या जुन्या रेषेत तो बदल बसवून टाकतो. गाठही बहुधा हळूहळू वाढते, आणि हळूहळू होणारा बदल नित्य पाहणाऱ्या डोळ्यास दिसत नाही.

मग घरच्यांचे कर्तृत्व कोठे? इतिहास सांगतो की, ते कळण्यापूर्वी फारसे नसते, कळल्यानंतर असते. याचा दाखला म्हणून चौथे घर पाहू. त्या घराचा आपल्या देशाशीही थोडा संबंध आहे. अमेरिकन पत्रकार जॉन गंथर याचे आशियावरील पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात हिंदुस्थानाचे व गांधीजींचे वर्णन आहे. त्याची पत्नी फ्रान्सिस हिने आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या बाजूने पुस्तक लिहिले, आणि पंडित नेहरूंशी तिचा पत्रव्यवहार होता. पुढे ही दोघे विभक्त झाली. त्यांचा एकुलता मुलगा जॉनी १९४६ च्या एप्रिलमध्ये सोळा वर्षांचा होता आणि दूरच्या शाळेत वसतिगृहात राहत होता. मान ताठली म्हणून त्याला तपासले, आणि मेंदूत गाठ निघाली. मातापित्यांना टेलिफोनवर बोलावणे आले. विभक्त झालेली ती दोघे मुलाच्या खाटेशी पुन्हा एकत्र आली. पंधरा महिने त्यांनी शस्त्रक्रिया, क्ष-किरण, नवी औषधे, पथ्ये, काहीही करावयाचे ठेवले नाही. आपल्या रोगाचे नाव कळले तेव्हा जॉनीने वैद्यांना विचारले ते असे की, हे माझ्या आईबाबांना ठाऊक आहे काय, आणि नसल्यास त्यांना कसे सांगावे. मोठी माणसे मुलापासून लपवीत होती, आणि मूल मोठ्यांना जपत होते!

या मुलाने आजारातच अभ्यास पुरा केला. जून १९४७ मध्ये डोक्याला पांढरा पट्टा बांधून, डावे अंग लुळावले असता, एकेक पाऊल टाकीत तो शाळेच्या समारंभात आपले प्रमाणपत्र घ्यावयास गेला. त्याच महिन्याच्या ३० तारखेस तो वारला. पित्याने १९४९ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. शेवटी आईचेही काही शब्द आहेत. त्यांचा भावार्थ एवढाच की, मी त्याच्यावर आणखी प्रेम करावयास हवे होते. जिने सर्वस्व वेचले तिलाही हेच वाटले. तेव्हा ‘आणखी करावयास हवे होते’ ही टोचणी दोषी असल्याची खूण मानता येत नाही. ती प्रेमाबरोबर येतेच.

कवटीची पेटी शेवटी उघडली ती शस्त्राने नव्हे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विंबल्डन येथील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या यंत्राने एका रुग्णेच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि जिवंत मेंदूतील गाठ जिवाला धोका न होता प्रथमच स्पष्ट दिसली. ते यंत्र ज्या कंपनीत तयार झाले तिचे नाव ई. एम्. आय्.; आपल्या आजोबांच्या काळी घरोघरी ज्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या वाजत, त्या काढणारी हीच कंपनी. जीवकाने लोकांना किडे दाखविले त्याप्रमाणे आज कारण डोळ्यांपुढे मांडता येते. आपल्या देशातही ही विद्या एका सरळ धाग्याने आलेली आहे. बहिणीच्या मृत्यूने पेनफील्डच्या मनात मेंदूच्या विकारांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा निश्चय दृढ झाला. ती संस्था मॉन्ट्रिअल येथे १९३४ साली उघडली. तेथे शिकलेले डॉ. जेकब चांडी १९४९ मध्ये वेल्लोरला आले, आणि हिंदुस्थानातील मेंदूच्या शस्त्रवैद्यकाचा पहिला स्वतंत्र विभाग त्यांनी तेथे सुरू केला.

चित्र काढण्याची सोय आज आहे. पण चित्र काढावे असे कोणाला तरी वाटावे लागते, आणि ते अजूनही घरातच वाटावे लागते. म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रत्येक विसरभोळ्या माणसाच्या मस्तकात गाठ नसते. हा रोग विरळाच आहे, आणि भयाने प्रत्येक डोकेदुखीचा बाऊ करणे हाही एक रोगच. परंतु ज्याला कधी आकडी आली नाही त्याला ती आली, सकाळी उठताच डोके दुखून ओकारी होऊ लागली, दृष्टी अंधुक झाली, किंवा जन्माची रीत सोडून माणूस आठवड्यामागून आठवडे निराळाच वागू लागला, तर त्याला बोल लावण्यापूर्वी वैद्याकडे न्यावे. निदान बोल तरी लावू नये. अप्पांना आंधळेपणाच्या आरोपातून इतिहास पूर्ण मुक्त करतो. भाऊबीजेला हसणाऱ्या मला तो तितका मुक्त करीत नाही. गाठ ओळखणे माझ्या हाती नव्हते. न हसणे होते.

हे सर्व मी अप्पांना गेल्या महिन्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. रूथच्या स्वयंपाकाची गोष्ट मात्र पुन्हा एकदा सांगावयास लावली. अक्काची गाठ बरीचशी निघाली आहे, सगळी नाही. पुढे काय ते वैद्यही निश्चित सांगत नाहीत. परवा मी तिच्याकडे जेवावयास गेलो होतो. स्वयंपाक अक्काच करीत होती. ज्या अप्पांनी अडतीस वर्षांत चहाचे आधणही ठेवले नव्हते, ते ओट्याशी उभे होते. “आता डाळ,” ते म्हणत, आणि अक्का डाळ धुऊन घेई. “आता तांदूळ.” मीठ घालून झाले की ते डबा उचलून फडताळात ठेवीत. वरण तिच्याच हातचे होते, आणि चव पूर्वीची होती.